पांढऱ्या रंगाखालचा मुलगा

आधीच सांगते, मी इथे भांडायच्या तयारीने आलेय. हा ग्रुप दोन वर्षं गुपचूप वाचतेय आणि दर दुसऱ्या पोस्टला कपाळावर हात मारून घेतलाय. अमावस्या, पिंपळ, मागून आलेली हाक... अरे काय चाललंय! असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आमच्या घरात लिंबू फक्त सरबतात पडतं. त्यामुळे आज मीच असला अनुभव लिहायला बसलेय याचं मलाच हसू येतंय. पण लिहिणार. माझ्या वडिलांना आम्ही सगळ्यांनी आयुष्यभर थापाड्या ठरवलं, त्यात मीही होते. तेव्हा ते निस्तरायचं कामही माझंच.

मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहते, वय पन्नाशीच्या जवळ. नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात. काम जरा विचित्र आहे. अमेरिकेतल्या जुन्या वर्तमानपत्रांकडे ढिगाने छापील फोटो पडून असतात. ते तिकडे स्कॅन होतात आणि आम्ही इकडे बसून त्यांच्या पाठी वाचतो. हो, पाठी! प्रेस फोटोच्या मागे त्याची सगळी कुंडली असते — तारखेचा शिक्का, फोटोग्राफरचं नाव, टाइप केलेली कॅप्शनची चिठ्ठी, आणि संपादकाने पेन्सिलीने खरडलेल्या सूचना. एवढंच छापा, हे कापा, याला काढा. ‘काढा’ म्हटलं की तिथला आर्टिस्ट ब्रश घ्यायचा आणि त्या माणसावर सरळ पांढरा रंग फासायचा. तेव्हा कुठलं आलंय फोटोशॉप.

हे करता करता मला जुन्या बेसबॉलपटूंच्या फोटोंचं वेड लागलं. खेळ मला अजून धड कळत नाही. पण ते रापलेले चेहरे, त्या ढगळ पँटी, बॅट फिरवताना वळलेली मान... मी तिकडच्या विक्रेत्यांकडून एकेक ओरिजिनल प्रिंट मागवायला लागले. आज सत्तरएक आहेत. कपाटाचा एक अख्खा खण त्यांचा आहे आणि नवऱ्याचे शर्ट दोन वर्षं खुर्चीवर आहेत. “त्या अमेरिकन म्हाताऱ्यांना जरा सरकून बसायला सांग की,” म्हणतो तो.

बेसबॉलच का, असं लोक विचारतात. मी काहीबाही उत्तर द्यायचे. खरं कारण अप्पा. अप्पा म्हणजे माझे वडील, वय ऐंशीच्या पुढे, आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. आई गेल्यापासून माझ्याकडेच असतात. तर अप्पांची एक गोष्ट होती, आणि ती त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलेली की मला झोपेतून उठवून विचारलं तरी म्हणून दाखवेन.

अप्पा अकरा वर्षांचे. ठाण्यात चरईत दोन खोल्यांत राहायचे. तिकडचा एक फार मोठा बेसबॉलपटू, तेव्हा नुकताच रिटायर झालेला, सरकारी दौऱ्यावर आला होता. (नाव देत नाही. दिलं की तुम्ही गूगल करत बसाल आणि माझी गोष्ट राहील बाजूला.) टेंभी नाक्यापासून चालत पाच-सात मिनिटांवरच्या एका शाळेच्या मैदानावर त्याचं प्रात्यक्षिक होतं. सगळं गाव लोटलेलं. अप्पा उजव्या बाजूला दोरीपाशी. त्याने चेंडू असा काही हाणला की तो उंच... उंच... सगळ्यांच्या माना वर, आणि कुणाला काही दिसायच्या आत तो थेट अप्पांच्या ओंजळीत! मोकळ्या हातांनी झेल. तो गोरा हसला आणि त्याने टोपी काढून अप्पांना सलाम केला.

“मग?” आम्ही विचारायचो.

“मग काही आठवत नाही. घरी आलो असेन.”

“आणि चेंडू?”

“तिथेच राहिला बहुतेक.”

यावर सगळं घर खो खो हसायचं. कारण अप्पांचे थोरले भाऊ, आमचे दादाकाका, दरवेळी एकच सांगायचे — त्या दिवशी बाळू, म्हणजे अप्पा, टायफॉईडने अंथरुणात होता. अठरावा दिवस. आई पंधरा रात्री जागून स्वतःच आजारी पडून आतल्या खोलीत झोपलेली, वडील कामावर, आणि मी, चौदा वर्षांचा, याच्या उशाशी मिठाच्या पाण्याच्या घड्या बदलत बसलेलो. स्काऊटमध्ये होतो, त्या पाहुण्याच्या स्वागताला रांगेत उभं राहायला माझी निवड झालेली, ते सोडून! संध्याकाळी पोरं येऊन मैदानातल्या गमती सांगत होती, त्या याने तापात ऐकल्या आणि स्वतःच्या नावावर केल्या.

आता सांगा, कुणाचं पटेल? मला दादाकाकांचंच पटायचं. उलट या नोकरीत शिरल्यापासून तर मी अप्पांना चिडवायचे, “अप्पा, प्रूफ दाखवा प्रूफ. फोटो असेल ना कुठेतरी?” ते म्हणायचे, “असेलच. एक माणूस मोठा कॅमेरा घेऊन बसला होता गुडघ्यावर.”

मग गेल्या वर्षी अप्पांचं सहस्रचंद्रदर्शन झालं. दादाकाका डोंबिवलीला राहतात, नातेवाईक सगळे त्याच बाजूचे, म्हणून डोंबिवलीतच एक हॉल घेतला होता. होम झाला, ओवाळणं झालं, आणि कुणीतरी अप्पांच्या हातात माईक दिला. झालं. अप्पांनी शंभर माणसांसमोर तीच गोष्ट सुरू केली. रंगात आले होते हो, अगदी हातवारे करून. झेलापाशी पोचले आणि पहिल्या रांगेतून दादाकाका उठले.

“बाळू, पुरे. तू घरी होतास. या वयात तरी खोटं बोलू नकोस.”

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळेच. मीसुद्धा. आणि नेमकं त्याच वेळी अप्पांनी माझ्याकडे बघितलं.

त्यांनी माईक खाली ठेवला. जिलबीला हात लावला नाही. परत येताना शीळफाट्याला गाडी अडकलेली तेव्हा मागच्या सीटवरून म्हणाले, “मंजू, तू पण?” मी एसी वाढवला.

त्यानंतर अप्पा बोलेनासे झाले. म्हणजे “जेवण झालं”, “औषध घेतलं” एवढंच. दर रविवारी सकाळी दादाकाकांचा फोन यायचा, माझ्या जन्माच्या आधीपासूनचा शिरस्ता, तो बंद. अप्पा लावत नाहीत, दादाकाका लावत नाहीत. एकदा मी त्यांना खिमट भरवत होते... हो, भरवायची वेळ आली होती... तेव्हा हळूच म्हणाले, “मी खोटारडा म्हणूनच जाणार गं.” जीव तुटला माझा. आणि लाज वाटली स्वतःची. दुसऱ्यांच्या फोटोंच्या पाठी वाचून पोट भरते मी, आणि बापासाठी एकदा शोधलं नव्हतं कधी! त्याच दिवशी ठरवलं. तो फोटो जगात असेल तर मी काढणार. अप्पा नसतील त्यात, तरी त्यांना दाखवणार आणि म्हणणार, बघा, मी शोधला.

आठ महिने मी त्या खेळाडूच्या हात धुऊन मागे लागले. अशा फोटोंची एक गंमत असते. विक्रेता ते वेबसाइटवर खेळाडूच्या नावाखाली लावतो. कुठे काढला याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. म्हणजे एकेक उघडून पाठ वाचायची. रोज सकाळी डबा भरायच्या आधी अर्धा तास मी तेच करायचे. जपानमधले सापडले, मनिलामधले सापडले. ठाणं काही सापडेना. नवरा म्हणाला, “नसेल गं.” मी म्हटलं, “तू तुझा चहा पी.”

आणि एका मंगळवारी सापडला! मागे चिठ्ठी: अमुक अमुक खेळाडू मुंबईजवळच्या ठाणे इथे भारतीय मुलांना बेसबॉल दाखवताना. पुढे तोच, एका हातात बॅट, मागे चिंचेचं झाड, दोरीमागे टोप्या घातलेली माणसं आणि पोरांची झुंबड. माझ्या तोंडून अशी किंकाळी निघाली की खालचे काका वर बघायला आले.

पण उजव्या बाजूला, दोरीच्या आत, एक पांढरा डाग होता. उभा, साधारण एका पोराच्या उंचीचा. रंग फासलेला. आणि पाठीमागे पेन्सिलीने इंग्रजीत खरडलेलं — उजवीकडचा मुलगा काढा.

तीन आठवड्यांनी पार्सल आलं. अप्पांना काही सांगितलं नव्हतं. आता पंचाईत अशी की जमवणाऱ्यांमध्ये एक नियम असतो, फोटोवरच्या रंगाला हात लावायचा नाही. तो रंग हाच इतिहास. खुणा, डाग, कात्रीच्या रेघा, काही पुसायचं नाही. आमच्या कलेक्टर मंडळींच्या ग्रुपवर मी विचारलं तर सगळे अंगावरच आले. तिकडच्या एका म्हाताऱ्याने लिहिलं, असं करणाऱ्याने फोटो जमवूच नयेत. मी चार दिवस तो फोटो टेबलावर ठेवून फेऱ्या मारल्या. मग म्हटलं, इतिहास गेला खड्ड्यात, माझा बाप जेवत नाहीये.

रविवारी सकाळी आधी दोन्ही बाजू नीट स्कॅन केल्या. मग इस्त्रीसाठी आणलेलं डिस्टिल्ड वॉटर आणि कान साफ करायच्या कापसाच्या काड्या घेऊन खिडकीशी बसले. असला रंग पाण्याने सुटतो. काडी ओली करायची, टेकवायची, उचलायची. घासायचं नाही. पहिल्यांदा पाय निघाले, अनवाणी. मग हाफ पँट. मग दोन हात, छातीशी घट्ट धरलेली ओंजळ, आणि ओंजळीत चेंडू. चेंडूवरची शिवणसुद्धा दिसत होती. मी उठून पाणी प्यायले.

मग चेहरा आला.

अप्पांचे कान बाहेर आलेले आहेत, माझेही तसेच, माझ्या मुलाचेही. ते कान होते. ती हनुवटी होती. केस बारीक कापलेले, गाल आत गेलेले, आणि कपाळावर कापडाची एक पट्टी बांधलेली, डाव्या कानाच्या वर गाठ. मला वाटलं खेळताना बांधतात तसा रुमाल असेल.

रडले मी. हसलेही. आणि मग नोकरीची सवय, भिंग घेऊन बघायला बसले. तेव्हा पहिल्यांदा कसंतरी झालं. फोटोत ऊन तिरकं आहे. त्या खेळाडूची सावली लांब पडलीय, दोरीच्या खांबांची पडलीय, पोरांच्या सावल्या एकमेकांत मिसळल्यात. या मुलाची सावली नाही. मी स्वतःला समजावलं की रंग काढताना गेली असेल. पण जिथे पडायला हवी होती तिथे रंग नव्हताच, साधी माती होती, बारीक खडेसुद्धा दिसत होते. दुसरी गोष्ट, गर्दीतलं एकही माणूस त्याच्याकडे बघत नाहीये. सगळे आकाशात बघतायत. फक्त तो खेळाडू थेट त्याच्याकडे बघतोय, हात टोपीला लावून. बाहेरून चिकटवलेला मुलगा असेल म्हणून मी कडा तपासल्या. कडा नाहीत. फोटोचा दाणा, म्हणजे ग्रेन, सगळीकडे सारखा. कदाचित संपादकालाही तेच वाटलं असेल, हे छापलं तर लोक म्हणतील फोटो बनावट आहे. म्हणून काढा.

अप्पांना फोटो दाखवला. ते तो नुसता धरून बसले. मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

“मी सांगत होतो,” एवढंच म्हणाले.

“चुकले मी, अप्पा.” मी त्यांच्या पायाशीच बसले. “हसायला नको होतं मी.”

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग मी विचारलं, “पण ही डोक्याला पट्टी कसली?” त्यांनी फोटो जवळ घेतला, लांब धरला. “पट्टी? कसली पट्टी... आठवत नाही बुवा.” आणि मग एकदम ताठ बसून म्हणाले, “मंजू, गाडी काढ. दादाला दाखवू.”

माझ्या मनात काय होतं ते प्रामाणिकपणे सांगते. दादाकाकांची जिरवायची होती. पंचाऐंशीच्या घरातला म्हातारा असला तरी शंभर माणसांत त्याने माझ्या बापाला खोटं पाडलं होतं. मी वाटभर वाक्यं जुळवत गेले. ठाण्याबाहेर ट्रॅफिक, शीळफाट्याला ट्रॅफिक, माझा पारा चढत होता. अप्पा फोटोचं पाकीट मांडीवर धरून बसलेले.

दादाकाकांची सून, शुभा वहिनी, दार उघडून बघतच राहिली. “अगंबाई, अप्पा! या या.” दादाकाका खिडकीशी खुर्चीत बसलेले. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मी सरळ पाकिटातून फोटो काढून त्यांच्या हातात दिला.

“बघा काका. प्रूफ.”

त्यांनी चष्मा बदलला. आधी खेळाडूकडे बघितलं. “हाच तो,” म्हणाले. मग नजर उजवीकडे गेली. मी तोंड उघडणार इतक्यात फोटो त्यांच्या हातातून सुटला आणि खाली पडता पडता वहिनीने धरला.

“ही कुठून आली?” त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता.

“काय कुठून आली?”

“ही पट्टी. ही मी बांधलीय.”

ते बोलायला लागले, माझ्याकडे बघून, अप्पांकडे नाही.

“मंजू, तापात कपाळावर घडी ठेवतात. बांधत नाही कुणी. बांधली की तीच गरम होते, उपयोग शून्य. पण मला काय कळतंय, पोरगा मी! हा सारखी मान फिरवायचा, घडी खाली पडायची. म्हणून मी आईच्या जुन्या लुगड्याचा काठ फाडला आणि ओला करून बांधला. रुईफुली काठ, हा बघ, दिसतोय. आणि गाठ स्काऊटची, डाव्या कानावर, म्हणजे कूस बदलली तर टोचायला नको. आई उठल्यावर ओरडली, गाढवा, बांधतात होय? आणि तिने सोडून टाकली. अर्धा दिवस होती ती पट्टी याच्या डोक्याला. तेवढाच. त्या दिवशीचा.”

माझी जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. तरी हट्ट. म्हटलं, “काका, मग हे उठून गेले असतील. तुमचा डोळा लागला असेल, नाहीतर पाणी आणायला गेला असाल.”

“त्याला संडासला मी उचलून न्यायचो गं. उभा राहिला असता तर कोसळला असता. आणि पाचाच्या सुमाराला मी कुठेही गेलेलो नव्हतो. त्याचा हात माझ्या हातात होता.”

आता अप्पा म्हणाले, “मग हा कोण आहे, दादा?”

दादाकाका खिडकीबाहेर बघत राहिले. वहिनी चहाचं आधण ठेवायला निघाली होती, ती दारातच थांबली.

“मैदानातला ओरडा चरईत ऐकू यायचा,” ते म्हणाले. “पाच वाजता असा ओरडा झाला की भिंत हलली असं वाटलं. मला रडू फुटलं. माझा युनिफॉर्म इस्त्री करून खुंटीला होता ना. आणि तेवढ्यात याने माझ्या हातातून हात सोडवून घेतला. डोळे मिटलेले. दोन्ही हात वर केले, असे, ओंजळ करून. आणि ती ओंजळ धाडकन छातीवर आली. आवाज झाला, मंजू. मी हात उघडून बघितले तर तळवे लालबुंद. आणि उजव्या तळव्यावर वळ. शिवणीचा. वळत गेलेली टाक्यांची रेघ. मी तोपर्यंत बेसबॉलचा चेंडू बघितलेलासुद्धा नव्हता, मला कळेना हे काय. मग याला दरदरून घाम फुटला आणि ताप उतरला. मी खोबरेल तेल चोळत बसलो वळ जाईपर्यंत. आईला सांगितलं नाही, कुणाला सांगितलं नाही.”

“आणि संध्याकाळी पोरं आली,” ते पुढे म्हणाले. “म्हणाली, चेंडू वर गेला तो गेलाच. सगळं मैदान शोधलं, चिंचेवर चढून बघितलं. कुणालाच मिळाला नाही.”

मला राग आला. “सगळं माहीत होतं तुम्हाला! मग त्या हॉलमध्ये... शंभर माणसांत... का केलंत असं?”

दादाकाकांनी आता अप्पांकडे बघितलं.

“शेजारच्या काकू तेव्हा म्हणायच्या, तापातल्या माणसाचा जीव असा बाहेर हिंडायला लागला की दरवेळी परत येतोच असं नाही. हा दुसऱ्या दिवशी डोळे उघडून म्हणतो, दादा, मी मैदानात गेलो होतो. माझी पाचावर धारण बसली. मला वाटलं, हो म्हटलं तर हा परत जाईल. म्हणून मी म्हटलं, नाही. तू घरी होतास. तू माझ्याजवळ होतास. तो प्रत्येक वेळी सांगायचा आणि मी प्रत्येक वेळी नाही म्हणायचो. मोठे झालो, लग्नं झाली, नातवंडं झाली, तरी माझी ती सवय गेली नाही. गेल्या वर्षी हॉलमध्ये तो माईक घेऊन उभा राहिला, मागे हार, समोर ओवाळायच्या बायका, आणि तोंडात तीच गोष्ट... मला वाटलं, निघाला हा.”

वहिनी पदराने डोळे पुसत होती.

अप्पा उठले. एकट्याने, माझा हात न धरता. दादाकाकांच्या खुर्चीपाशी जाऊन उभे राहिले.

“वेडा आहेस तू, दादा. मी कुठे गेलोय? इथेच आहे की.”

“हो रे,” दादाकाका म्हणाले. आणि मग, “बस. आता सांग. पहिल्यापासून सांग. मी अडवणार नाही.”

अप्पांनी सांगितलं. मी ती गोष्ट शेकडो वेळा ऐकलेली आहे, पण कुणी प्रश्न विचारतंय हे पहिल्यांदा बघत होते. बॅट कशी धरलेली त्याने? डावखुरा होता का? चेंडू लागला का रे हाताला? दादाकाका लहान पोरासारखे पुढे सरकून ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, “एवढी गर्दी होती, तू काय करत होतास चेंडू येईपर्यंत?” अप्पा म्हणाले, “तुला शोधत होतो. स्काऊटच्या रांगेत. तू दिसेनास.” त्या दुपारी अप्पा तिथे दोन पोळ्या आणि वाटीभर आमटी-भात जेवले. मी मोजलं.

आता तुमचे प्रश्न मला माहीत आहेत. ताप, भास, दुसराच कुणी पोरगा, फोटोत गडबड. सगळं करून झालंय. फोटोतलं ज्यांना कळतं अशा दोघांना ओरिजिनल दाखवला. एक म्हणाला अस्सल आहे, दुसरा म्हणाला अस्सल आहे पण सावलीचं मला विचारू नका. ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले टायफॉईडच्या अठराव्या दिवशी अकरा वर्षांचं पोर तेवढं चालून जाऊन झेल घेणं शक्य नाही. मी स्वतः चरई ते ते मैदान चालून बघितलं. दोन म्हाताऱ्यांपैकी एक चुकत असेल असं धरून मी हे प्रकरण दहा वेळा उलगडलंय. दरवेळी दोघेही बरोबर निघतात. उत्तर माझ्याकडे नाही आणि मिळेल असं आता वाटतही नाही.

दादाकाकांनी फोटोची मोठी कॉपी मागून घेतली. डोंबिवलीच्या घरात दारासमोरच लावलीय. येईल त्याला उभं करून दाखवतात — “हा माझा धाकटा भाऊ. आणि हा फोटो काढला तेव्हा तो माझ्याजवळ झोपलेला होता.” लोक तोंडावर हो हो म्हणतात. पण वहिनी सांगत होती, सोसायटीत आता सगळे त्यांनाच थापाड्या म्हणायला लागलेत, आजोबांचं वय झालं म्हणतात. गेल्या रविवारी तर त्यांच्या एका मित्राने समोरच हसून दाखवलं. दादाकाकांनी तिथल्या तिथे अप्पांना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि म्हणाले, “बाळू, सांग याला.”

अप्पा नाश्ता करत होते. घास गिळून म्हणाले, “दादा बोलतोय ते खरं आहे. मी घरीच होतो.”